काळी की पांढरी: ड्रायव्हरच्या गादीचे म्हणणे

मित्रांनो, मी एक गादी आहे. जुनी, चपटी आणि सध्या प्रचंड रागात. गादी म्हटल्यावर लगेच राजेबिजे आठवू नका. मी मोटारीत ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायची, हातभर लांब आणि तेवढीच रुंद गादी आहे. माझ्यावर बसून कोणी राज्य केले नाही. एका माणसाने एकोणीस वर्षे माझ्यावर बसून दुसऱ्या माणसाला वेळेवर पोचवले, एवढाच माझा इतिहास.

तो पहिला माणूस म्हणजे काका. बंगल्यात त्यांना सगळे काकाच म्हणत, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. काका म्हटले की मान दिल्यासारखे होते आणि नाव लक्षात ठेवावे लागत नाही.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात काकांची कंबर धरली, तेव्हा काकूंनी जुन्या गादीतला कापूस काढून, पडद्याच्या जाड कापडाची खोळ शिवून मला जन्म दिला. माझ्यावर दोन गुद्दे मारून त्या काकांना म्हणाल्या, "आता कंबर दुखली तर माझ्याकडे कण्हत येऊ नका. हिला सांगा." काका आज्ञाधारक. एकोणीस वर्षे ते मलाच सांगत आले.

माणसाचे तोंड काय म्हणते ते ऐकायला सगळे जग असते. त्याचे बूड काय म्हणते ते फक्त गादीला कळते. साहेब मागून घाई करू लागले की काका जड होत. घाट लागला की हलके होत. आणि खोटे बोलायचे असले की डावीकडे कलत. फोनवर मॅडम विचारत, साहेब कुठे आहेत? काका डावीकडे कलून सांगत, मीटिंगमध्ये आहेत. भागीदार विचारत, निघाले का? काका डावीकडे कलून सांगत, केव्हाच. साहेब तेव्हा मागे घोरत असत. माझी डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर चपटी आहे, मित्रांनो. ती काकांच्या खोटेपणाने झालेली नाही. साहेबांच्या खोटेपणाने झाली आहे.

साहेबांचा बाटल्यांची झाकणे बनवायचा कारखाना. आयुष्यभर झाकणे बनवलेला माणूस कशाकडेही बघताना आधी ते घट्ट बसते का, ते बघतो. आमची जुनी गाडी चौदा वर्षांची झाली आणि आता एक भारीतली सेडान घ्यायचीच असे साहेबांनी ठरवले. काळी घ्यावी की पांढरी, इथे घोडे अडले. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन्ही लांबलचक, दोन्हींचा तोरा आकाशाला भिडलेला. साहेबांनी एक तक्ता केला. त्यात एकेचाळीस मुद्दे होते. स्क्रीन किती, डॅशबोर्डचे लाकूड खरे की दिखाऊ, दिव्यांचे रंग किती, कप ठेवायच्या खाचेत चहा गरम राहतो का. दार लावल्यावर कसा आवाज येतो, यासाठी एक वेगळा रकाना होता. साहेबांनी शोरूममध्ये डोळे मिटून तेच दार अकरा वेळा लावले. बाराव्या वेळी विक्रेत्याने हळूच बोटे बाजूला घेतली.

एकेचाळीस मुद्द्यांत 'चालवणार कोण' हा मुद्दा नव्हता.

तो विक्रेत्यांनी मांडला. काळ्या गाडीचा विक्रेता म्हणाला, ही मागे बसणाऱ्याची गाडी आहे. खरेच होते. मागे पाय पसरायला जागा, पायाखाली पाट, पाठीला मालिश. पुढे मात्र साधी सीट. पांढऱ्या गाडीच्या विक्रेत्याने सगळे कौतुक पुढच्या सीटला लावले होते. मालिशही तिथेच. "साहेब, ही मालकाने स्वतः चालवायची गाडी," तो म्हणाला. "हिच्यात ड्रायव्हर बसवलात तर लोकांना वाटेल, गाडी त्याचीच."

एवढे बोलून त्याने मला चिमटीत धरले. काकांनी सवयीने मला त्या पांढऱ्या सीटवर ठेवले होते. चामड्याला डाग पडेल म्हणाला, आणि मला प्लॅस्टिकच्या झाडाच्या कुंडीशेजारी नेऊन टाकले. ते झाड खोटे, त्याची माती खोटी, आणि जमिनीवर मी. काका माझ्याशिवायच सीटवर बसले. साहेबांना फेरी मारून आणायची होती ना.

दोन्ही गाड्या काकांनीच चालवून पाहिल्या, कारण साहेबांनी बऱ्याच वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता. नंतर आम्ही जुन्या गाडीने परत निघालो. मागे साहेब आणि मॅडम, पुढे काका, काकांखाली मी.

मित्रांनो, आता नीट ऐका. काका अठ्ठावन्न वर्षांचे. काकूंना आता सुईत दोरा ओवता येत नाही, त्यामुळे शिलाई बंद. घर चालते ते काकांच्या या नोकरीवर. काळी आली तर काका राहणार. पांढरी आली तर जाणार. विक्रेत्याला हे कळले होते, मला कळले होते, काकांना तर कळले होतेच. आणि साहेबांनी नेमके काकांनाच विचारले.

"काका, खरं सांगा. तुम्ही घेतली असती तर कोणती घेतली असती?"

सिग्नल लाल होता. काका डावीकडे कलले.

माझा कापूस आनंदाने फुलला. म्हटले, म्हणा काका, काळी म्हणा. साहेबांसाठी पोतेभर खोटे बोललात, आज एक स्वतःसाठी बोला. मी आहे खाली, पेलते.

सिग्नल हिरवा झाला. काका सरळ झाले.

"पांढरी, साहेब."

"का?"

"काळी वळणावर मागून डुलते. मॅडमना मळमळलं, त्या बोलल्या नाहीत, पण दोनदा काच खाली केली. ब्रेकलाही ती उशिरा थांबते. पांढरीत माणूस सांभाळला जातो."

साहेबांनी मांडीवर थाप मारली. चालवणाऱ्याचे मत ते चालवणाऱ्याचे मत, म्हणाले. त्यांनी मॅडमच्या हातातला तक्ता घेतला आणि पांढऱ्याच्या रकान्याखाली दोन रेघा ओढल्या. मग मॅडमनी विचारले, आणि त्यांचा आवाज जरा खाली होता, "पण ती तर स्वतः चालवायची ना? काकांचं काय मग?"

"काकांचं काय म्हणजे?" साहेब म्हणाले. "काकांनीच तर सुचवली."

हे काकांच्या मागे, दोन फुटांवर बसून. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. त्या चांगल्या बाई आहेत. खिडकीबाहेर बघण्यापलीकडे त्यांचा चांगुलपणा कधी गेला नाही. "मन केवढं मोठं आहे बघ माणसाचं," असे साहेब वर म्हणाले. मला खिळे फुटले असते तर बरे झाले असते, पण कापसाला काय फुटणार!

पांढरी आली. साहेबांना गाडी शिकवायचे काम काकांनाच मिळाले. तीन आठवडे काका शेजारच्या सीटवर बसून स्वतःची नोकरी दुसऱ्याला शिकवत होते, आणि तीही गोड आवाजात. ब्रेक अलगद, साहेब. आरशात बघा, साहेब. मागचा हॉर्न वाजवतोय, त्याला वाजवू द्या.

चौथ्या दिवशी साहेबांची कंबर धरली. गाडी चालवून कंबर दुखते, हा शोध त्यांना तेव्हा लागला. त्यांनी मला मागवले. जुन्या गाडीतून काढून, ब्रशने झाडून, मला साहेबांच्या पाठीशी लावण्यात आले. त्या सीटची मालिश चालू झाली की ती सगळी माझ्यातच जिरायची. चामड्याच्या डागाची आठवण कोणालाच झाली नाही.

"काका, तुमची कधी धरली नाही हो कंबर?" साहेबांनी विचारले.

"धरलीय साहेब. एकोणीस वर्षं झाली."

साहेबांना तो विनोद वाटला. ते हसले आणि मी त्यांच्या पाठीमागे हिसके खात राहिले.

शेवटच्या दिवशी साहेबांनी काकांना पांढऱ्या गाडीशेजारी उभे करून फोटो काढला, आठवण म्हणून. फोटो साहेबांच्याच फोनमध्ये राहिला. मग साहेब स्टिअरिंगशी बसले, आरसा नीट केला, आणि काच खाली करून म्हणाले, गादी राहू द्या हं काका, तिच्याशिवाय माझे चालत नाही.

काकांनी दार उघडले. "थोडं पुढे व्हा, साहेब."

तीन आठवड्यांच्या शिकवणीने साहेब ऐकायला शिकले होते. ते पुढे झाले. काकांनी मला ओढून बाहेर काढले आणि काखेत मारले.

"ही नाही देता येणार."

साहेब कारणाची वाट बघत राहिले. कारणे मागायची साहेबांना सवय होती आणि द्यायची काकांना. काकांनी दार लावले. दाराचा आवाज फार सुरेख आला.

आता मी काकांच्या घरी लाकडी खुर्चीवर असते. काका रोज सकाळी काम शोधायला जातात. प्रत्येक फाटकावर आधी वय विचारतात, मग लायसन्स बघायची गरज उरत नाही. परवा काकूंनी विचारले, काळी म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? काका म्हणाले, "तिचे ब्रेक बरे नव्हते गं." मला साहेबांचा राग येतो, विक्रेत्याचा येतो, मॅडमच्या खिडकीचा येतो. पण या वाक्याचा जेवढा येतो, तेवढा कशाचाच येत नाही. त्याच वाक्यासकट मी रोज बसू देते त्यांना, हेही खरे.

मित्रांनो, गादीने शेवटी आपल्या निगेबद्दल चार शब्द सांगायचे असतात. मला उन्हात टाका, खोळ धुवा, कापूस पिंजून घ्या, हे सांगता आले असते. पण माझे राहू द्या. तुम्ही मोठे व्हाल, दोन महागड्या वस्तू शेजारी शेजारी ठेवाल, आणि कोणती घेऊ असे एखाद्या तिसऱ्याच माणसाला विचाराल. जरूर विचारा. त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळत असेल. फक्त तो खरे बोललाच, तर त्याच्याच खऱ्याने त्याला गाडीतून उतरवू नका.