तीन काचांमधून सासूबाई

फोटोग्राफरच्या सासूबाई झोपेतसुद्धा बोलायच्या. तरी आपल्या पहिल्या रंगीत फोटोसाठी त्याने नेमकं त्यांनाच बसवलं, कारण त्यांच्या नारिंगी शालीसारखा झगझगीत रंग अख्ख्या गल्लीत नव्हता.

एकच दृश्य तीनदा टिपायचं होतं: निळ्या, हिरव्या आणि लाल काचेतून. मग तीन दिव्यांपुढे त्याच काचा धरून तिन्ही चित्रं पडद्यावर एकावर एक पाडली, की खरे रंग उमटणार होते. अट एवढीच, की मधे कोणी हलायचं नाही.

"आई, दोनच मिनिटं गप्प बसा," जावई म्हणाला.

"मी कुठे बोलतेय?" म्हणत सासूबाई शेजारणीच्या मांजरावर घसरल्या.

पडद्यावर शाल अशी झळकली की जावयाने टाळीच वाजवली. पण शालीच्या वर सासूबाईंना तीन तोंडं होती: निळं, हिरवं, लाल.

"हुबेहूब आलाय," त्याची बायको म्हणाली. काळे-पांढरे फोटो ब्रशने रंगवणं हे तिचं काम. या काचा घरात आल्यापासून ती धुसफुसतच होती. पण नवऱ्याचं तोंड एवढंसं झालेलं पाहून तिला राहवेना. तिने सकाळीच आलेलं एक पाकीट काढलं.

"आई, धाकट्याचं पत्र आलंय. बस, वाचते. हललीस की वाचन बंद."

सहा महिन्यांनी मुलाचं पत्र! सासूबाईंचा पुतळा झाला. निळ्या काचेला नव्या नोकरीची हकिकत झाली, हिरवीला घरमालकाची.

"पुढे?" काच बदलताना सासूबाईंनी घाईने विचारून घेतलं.

लाल काचेला सर्वांत जास्त वेळ लागे. मुलगी वाचू लागली, "'आई, तुला नात झाली. नाक तुझं, आणि आवाजही तुझाच.'"

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण त्या हूं की चूं करेनात.

या खेपेस पडद्यावर एकच तोंड आलं. फक्त ओठांच्या कोपऱ्यात हसू सांडलं होतं, लालभडक.

"ते मी ब्रशने झाकते," मुलगी म्हणाली.

"हात लावशील तर बघ!" सासूबाई कडाडल्या. मग जावयाकडे वळल्या, "जावईबापू, हिच्यावाचून जमलं असतं का तुमचं?"

"छे! यापुढे फोटोला बसणाऱ्यांना गप्प करायचं काम हिचंच," तो म्हणाला. बायको महिन्याभरात पहिल्यांदाच खळखळून हसली.

त्याच दिवशी सासूबाईंनी मुलाला उत्तर धाडलं: "माझा रंगीत फोटो टपालात मावत नाही. त्याला तीन दिवे आणि एक जावई लागतो. पोरीला घेऊन इकडेच ये."