चौदा नंबरचा नकाशा

रेणुकाच्या पोटदुखीचं कारण एकच, अन् त्याचं नाव मनतशा.

भूकंपानंतरच्या साली रेणुका लातूरच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढायला लागली. नव्यानं वसणाऱ्या गावांत बोर घेतले जायचे. किती फुटांवर मुरूम, किती फुटांवर लाल माती, कुठं काळा पाषाण, हे ती जागेवर उभी राहून लिहून घ्यायची अन् शाईनं कागदावर उतरवायची. एकोणीस वर्षं! मान आखडली, चष्मा लागला. अन् आता ही मुरुडची पोरगी आली, क्लासच्या फलकावर फोटो झळकलेली. तिनं रेणुकाचेच नकाशे कॉम्प्युटरात घातले, थराखाली थर रचले अन् लातूरपासून कंधार-भोकरपर्यंतची जमीन पडद्यावर गरागरा फिरवून दाखवली. सगळी कचेरी तोंडात बोटं घालून बघत राहिली. शंकरप्पा साहेब तर येईल त्याला सांगायचे, "हे आमच्या मनतशाचं काम!"

आमच्या मनतशाचं! रेणुकाचा नुसता तीळपापड झाला. अजून कॉम्प्युटरात न गेलेला चौदा नंबरचा नकाशा तिनं गुपचूप कपाटात दडवला. मनतशानं विचारलं तर म्हणाली, "वाळवीनं खाल्ला असंल बाई." पडू दे तिच्या फिरत्या जमिनीत भोक. नांदेडच्या बैठकीत सगळ्यांपुढं भोक दिसलं, की पिशवीतून नकाशा काढून टेबलावर टाकायचा. मग कळंल, कोण कुणाच्या जिवावर उड्या मारून राहिलं.

नांदेडला पडद्यावर जमीन फिरायला लागली. रेणुका मांडीवरची पिशवी घट्ट धरून बघत होती. भोक नव्हतंच! आजूबाजूच्या बोरांवरून कॉम्प्युटरनं ती जागा आपोआप भरून काढली होती, छान हिरवीगार. हिरवं म्हणजे पाणी. तिचा कागद नसल्याचं कुणाला जाणवलंसुद्धा नाही, मेलं!

"तिथं नुसता अंदाज हाय, सर," मनतशा सांगत होती, पण ऐकतंय कोण. शंकरप्पा साहेबांनी हिरव्यावर बोट ठेवलं. "हे गाव पंधरा वर्षं टँकरवर हाय. सोमवारी इथंच दोन बोर घ्या."

चौदा नंबरचं ते गाव रेणुकाला पाठ होतं. तिथं तीन बोर घेतले होते. भूकंपात नातू गमावलेली केवळाबाई तिन्ही वेळा हळदकुंकू घेऊन आली, नारळ फोडला, अन् तिन्ही वेळा कोरडा धुराळाच वर आला. तिसऱ्यांदा म्हातारी म्हणाली, "आता मला बोलवू नका, बाई."

रेणुका उठली. नकाशा टेबलावर पसरला. "इथं पाणी न्हाई, साहेब. तीन बोर कोरडे गेलेत."

साहेबांनी अक्षर ओळखलं. "अन् हा होता कुठं इतके दिवस?"

मनतशानं कागद बघितला. वाळवीचा एक ठिपका नव्हता.

"माझ्याकडंच होता, सर," मनतशा म्हणाली. "घालायचा राहून गेला."

मग साहेबांनी भर बैठकीत तिला असं झाडलं की बोलायची सोय नाही. पोरगी खाली मान घालून सगळं ऐकत राहिली.

बाहेर चहाच्या गाड्यावर मनतशानं हळूच विचारलं, "ताई, आणखी कोणता राहिला न्हाई ना?"

"न्हाई गं," रेणुका म्हणाली, अन् आधीपेक्षा दुप्पट जळली. हुशारीत पुढं गेली, ते एक वेळ सोसलं असतं. ही तर मनानंही मोठी निघाली.