आखरावरचं हत्तीगवत

रुखमिणीची गाय चांदी उन्हाळ्यात गाभडली, आणि तेव्हापासून रुखमिणी पुंडलिकरावाशी फार गोड बोलू लागली. गावाला वाटलं, बाईनं मनावर दगड ठेवला. गावाचं काय, गावाला काहीही वाटतं.

झालं होतं असं. कारध्याच्या पुढं, वैनगंगेच्या काठाला त्यांचं गाव. गावाचं आखर, म्हणजे रोज सकाळी सगळी गुरं गोळा होतात ती मोकळी जागा, पुंडलिकरावानं तारेचं कुंपण घालून बळकावलं. वैरणीच्या संशोधनाचा प्लॉट, म्हणे. संशोधन करणाऱ्या तृप्ती मॅडमना त्यानं जागा आपलीच सांगितली आणि आत पुरुषभर उंचीचं हत्तीगवत उभं केलं. माणसाला कुंपण कळतं. चांदीला एवढंच ठाऊक, की सकाळ झाली की इथं यायचं. ती तार वाकवून आत शिरली. रुखमिणी नेमकी माहेरी गेलेली. पुंडलिकरावानं गाय कोंडवाड्यात घातली आणि ऐन उन्हात बिनपाण्याची ठेवली. पोटात वासरू होतं. ते तिथंच पडलं.

रुखमिणीनं ते जुन्या लुगड्यात गुंडाळून नदीकाठी पुरलं. कालवड होती. तेव्हाच तिनं ठरवलं, ज्या गवतापायी हे झालं, त्या गवताची गावादेखत माती करायची.

संधी हिवाळ्यात आली. कोणती वैरण जनावर आवडीनं खातं, हे मॅडम तपासणार होत्या. चार घमेल्यांत चार चारे ठेवायचे: हत्तीगवत, मका, ज्वारी आणि धानाच्या बांधीतली ओली लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचं हिरवं पीक. सारखं वजन. गाय बदलली की घमेल्यांच्या जागाही बदलायच्या, म्हणजे जनावर सवयीनं एकाच बाजूला तोंड घालणार नाही. जे संपेल ते खरं. पुंडलिकरावानं आसपासच्या गावांतले लोकही बोलावले होते. त्याला काय, आपलंच गवत जिंकणार.

पाहुणे येणार म्हटल्यावर अंगणात सडा नको? पुंडलिकरावाला तो हवाच. घरात लग्न असो की मयत, कोरड्या अंगणात पाहुणा आला तर पुंडलिकरावाची इज्जत जाते.

"सत्यभामे, सडा काहून नाही पडला अजून?"

"माह्या कंबरेनं जवाब देल्ला," त्याची बायको सत्यभामाबाई ओट्यावरून म्हणाली. "रुखमिणीले सांगा. येऊनच राहिली ते."

रुखमिणी आली. सत्यभामाबाईनं शेणकाल्याची बादली तिच्याकडे सरकवली. हत्तीगवत पहाटेच कापून, बारीक करून अंगणाच्या कोपऱ्यात रचलेलं होतं. सत्यभामाबाईनं एकदा त्या ढिगाकडे पाहिलं, एकदा रुखमिणीकडे, आणि तोंड फिरवून तांदूळ निवडायला घेतले.

रुखमिणीनं अंगण छान शिंपलं. कोपरा जास्तच छान शिंपला.

मॅडम बाकीचे चारे गाडीतून घेऊन आल्या. पुंडलिकरावानं ओलं गवत घमेल्यात भरलं. "दव आहे, मॅडम. एकदम ताजं."

पहिली गाय आली. हत्तीगवताला नाक लावलं, फुर्र केलं आणि लाखोळीवर गेली. दुसरीनं तेच केलं. तिसरीनं तर घमेलं शिंगानं उलथवलं. लोक हसायला लागले.

"का गा पुंडलिकराव, गवत होय का तंबाकू?"

पुंडलिकरावाचा चेहरा लालबुंद. रुखमिणी भिंतीला टेकून उभी होती. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पण तृप्ती मॅडम खाली वाकल्या, मूठभर गवत उचलून त्यांनी वास घेतला. "याला शेण लागलंय. शेण लागलेल्या चाऱ्याला जनावर तोंड लावत नाही. सडा कोणी घातला?"

"मी," रुखमिणी म्हणाली. "आन् मुद्दाम घातला."

"कायले वो?" पुंडलिकराव ओरडला. "तुह्या बापाचं काय खाल्लं मी?"

"बापाचं नाही खाल्लं. गावाचं आखर खाल्लं, आन् माह्या गाईच्या पोटातली कालवड खाल्ली. पाण्याची एक बादली जड झाली तुमाले!"

मॅडमनी पुंडलिकरावाकडे पाहिलं. "जागा गावाची आहे?"

"वहिवाट माही आहे, मॅडम."

"मी ग्रामपंचायतीत विचारीन. पण आजची चाचणी बाद. उद्या माझ्यासमोर गवत कापायचं. आणि मावशी, तुमची गायही आणा."

विचारीन, म्हणे. रुखमिणी मनात म्हणाली, विचारता विचारता माझी कालवड म्हातारी झाली असती.

दुसऱ्या दिवशी चांदी आली. रुखमिणीनं वाटेत तिला चांगलं बजावलं होतं. बेइमान गाईनं सरळ हत्तीगवताच्या घमेल्यात तोंड घातलं आणि तळ चाटला. बाकीच्या गाईंनीही तेच केलं.

"पाह्य रुखमिणी!" पुंडलिकराव मांडीवर थाप मारून हसला. "तुही गायच माहं नाव काढून राहिली!"

"ते गाय आहे, भाऊ. इसरते. मी नाही इसरत."

पण विजय चढला होता त्याला. सगळ्यांसमोर हात उंच करून तो म्हणाला, "ज्याच्या घरी जनावर आहे, त्यानं लावणीसाठी गवताच्या कांड्या घेऊन जावं! पुंडलिक कोणाले नाही म्हणत नाही!"

रुखमिणी गालात हसली. चांदीची पाठ तिनं हळूच खाजवली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेऊन सगळ्यांत आधी तीच आली. मागं साऱ्या गावच्या बाया, आणि कंबरेला फडकं बांधून सत्यभामाबाईसुद्धा. पुंडलिकराव फाटकात उभा राहिला, पण शब्द दिलेला, तोही परगावच्या लोकांसमोर. बाजूला सरकला. दुपारपर्यंत आखरावर नुसते बुंधे उरले.

हत्तीगवत कापलं तरी पुन्हा फुटतं, हे रुखमिणीला ठाऊक होतं. कोवळं फुटलं की गुरं आणखी आवडीनं खातात आणि ते वर येऊ देत नाहीत, हेही ठाऊक होतं. गावची गुरं राखणारा तुलाराम कळप घेऊन दुपारच्या विसाव्याला आखराच्या रस्त्यानं येत होता. चांदी पुढं.

"रुखमिणी! फाटक लाव ना वो!" पुंडलिकराव घराकडून धावत येत ओरडला.

रुखमिणीच्या डोक्यावर भारा होता. ती थांबली नाही.

"हात रिकामे नाही, भाऊ," ती म्हणाली, आणि चांदीला वाट सोडून कडेनं चालू लागली.