पंगतीच्या शेवटापासून

मी एक जुनी पितळेची बादली आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फार थकले आहे. माझी कडी एका बाजूने झिजली आहे. बुडाला दोन ठिकाणी झाळ लावली आहे. मला कोणी उचललं की कुर्र असा आवाज येतो. लोकांना वाटतं, कडी वाजली. कडी कशाची वाजते, मीच कण्हते.

माझा जन्म भंडाऱ्याचा. ठोकून ठोकून मला गोल केलं, आतून कल्हई केली आणि नागपूरच्या एका बिछायत केंद्रात, म्हणजे मांडव-भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानात, आणून ठेवलं. तिथून मी भाड्याने जायची. किती लग्नांत वरण वाहिलं, त्याचा हिशोब मी ठेवला नाही. त्या दिवसांत माझी चमक पाहून बायका म्हणायच्या, अशी बादली आपल्या घरी पाहिजे. मग हलक्या स्टीलच्या बादल्या आल्या आणि मी मांडवाच्या बांबूंखाली जाऊन पडले. चार उन्हाळे तिथेच काढले. कल्हई उडाली, आत हिरवं चढलं. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

तिथून मला यमुताईंनी आणलं आणि पुन्हा कल्हई करून घेतली. यमुताई कोराडी रोडला राहायच्या आणि लोकांचे कपडे शिवायच्या. घरामागे टिनाचं छप्पर घातलेला एक लांब हॉल होता. दर गुरुवारी तिथे भजन व्हायचं, यमुताई थोडं निरूपण करायच्या आणि मग पंगत बसायची. वसाहतीतली माणसं यायची, मजूर यायचे, रस्त्याने जाणारेही यायचे. माणसं त्यांना गुरू मानायची, पण पायाला हात लावू दिला असेल तर शपथ. आमच्यासारख्या भांड्यांनाही त्या नीट धुवून पालथं ठेवायच्या, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मी आले त्याच वर्षी शामलाही आली. कळमेश्वरच्या शाळेत ती शिक्षिका होती. गोड गळा, तोंडपाठ अभंग आणि बोलायला उभी राहिली तर समोरचा हलणार नाही. तिला ताईंची शिष्या व्हायचं होतं आणि ताईंसारखं निरूपण करायचं होतं. ताईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि माझी कडी तिच्या हातात दिली.

वरण वाढायचं, एवढंच काम. पण त्याला ताईंचा एक नियम होता. बादली भरली की आधी पंगतीच्या शेवटी जायचं, तिथून वाढत पुढे यायचं. पुढे बसलेल्याची हाक ऐकू येते, शेवटी बसलेल्याची येत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतः ताईही नेहमी शेवटीच बसायच्या. आता तुम्हीच सांगा, काठोकाठ भरलेली मी, उकळतं वरण आणि हॉलच्या पार त्या टोकाला जायचं. शामलाच्या हाताला घट्टे पडले. तीन वर्षं तिने ओढलं, पण मनातून नाही. मला ठेवताना ती आदळायची. बाप्पा, ते पोचे अजून अंगावर आहेत.

चौथ्या वर्षी ताई म्हणाल्या की या गुरुपौर्णिमेला जेवणानंतर तू बोल. शामला हरखून गेली. पंधरा दिवस तिने वह्या भरल्या. विषय घेतला सेवेचा.

त्या दिवशी हॉल गच्च भरला होता. हॉलवर ज्यांनी स्वखर्चाने टिन घालून दिलं होतं ते रविंद्रभाऊ अगदी पुढच्या पानावर बसले होते. त्यांनी हसून हाक मारली, 'मॅडम, इकडे येऊ द्या ना वरण.' शामलाचं डोकं भाषणात होतं. ती तिथेच थांबली आणि पुढूनच वाढायला लागली. रविंद्रभाऊंना दोनदा वाढलं. मी कुरकुरले, पण बादलीचं कोण ऐकतं?

शेवटाला पोचलो तेव्हा माझा तळ दिसत होता. चुलीवरचा वरणाचा गंज, ते मोठं पातेलंही खरडून झालं होतं. सात-आठ पानांवर नुसता भात होता. त्यांतलं एक पान पारशिवनीकडून मजुरीला आलेल्या कवडूचं, एक त्याच्या बायकोचं, पंचफुलाचं आणि एक यमुताईंचं. ताईंनी भातावर मीठ घेतलं आणि जेवल्या. मला त्या वेळी माझ्या रिकामेपणाची लाज वाटली.

जेवणं झाली. शामला माईकपाशी उभी राहिली, वही उघडली. तेव्हा ताई उठून तिच्याजवळ गेल्या.

'आज नको बोलू. आन् ती बादली ठेव खाली. वर्षभर तिले हात लावू नको. तू माह्याजवळ, शेवटाले बसशील.'

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. शामलाचा चेहरा पांढराफटक पडला. वही मिटून ती निघून गेली आणि दोन महिने फिरकली नाही. ताई दर गुरुवारी शेवटून दुसरं पान मांडून ठेवायच्या. त्यांचा जीव तिच्यात होता हो. मी पाहत होते ना, दार वाजलं की त्या मान वळवायच्या. पण बोलवायला कोणाला पाठवलं नाही.

एका गुरुवारी ती आली आणि गुपचूप त्या पानावर बसली. मी तेव्हा दुसऱ्यांच्या हातात होते. काही शेवटून वाढायचे, काही विसरायचे. शामलाला कधी गार वरण मिळालं, कधी पाणीच जास्त. ती हाक मारायची, पण एवढा गोड गळा, तोही पुढपर्यंत पोचायचा नाही. एकदा वरण कवडूच्या पानावर संपलं आणि तिचं आणि शेवटचं ताईंचं पान कोरडं राहिलं. वाढणारा हात हलवून निघून गेला. कवडूने आपली वाटी उचलली आणि अर्धं वरण तिच्या भातावर ओतलं.

'घे वं बाई. म्या अजून हात नाही लावला.'

शामला रडली. घास हातात धरून, मान खाली घालून रडली. पौर्णिमेला याच माणसाला आपण कोरडा भात खाऊ घातला, हे तिला आठवलं असणार. त्या रात्रीचं माहीत नाही, पण पुढच्या गुरुवारपासून ती जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन उभी राहायची. हात लावायची मनाई होती, म्हणून नुसती बघायची. मला वाटायचं, ये बाई, आदळ हवं तर, पण उचल मला.

वर्ष फिरलं. पुन्हा गुरुपौर्णिमा आली. ताई आता फार थकल्या होत्या, दोन बायकांच्या आधाराने येऊन शेवटच्या पानावर टेकल्या. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि शामलाला म्हणाल्या, 'घे.'

तिने मला उचललं, ते इतकं हळू की कडीसुद्धा वाजली नाही. रविंद्रभाऊंनी हाक मारली. तिने मान तुकवली आणि पुढे चालली. सरळ शेवटाला. ताईंचं पान आलं. ती थांबली नाही. मी चरकले. ताईंना ओलांडून ती दाराबाहेर गेली. बाहेर पायरीवर कोळशाच्या ट्रकवरचा एक माणूस बसला होता. अंग काळं झालं होतं, म्हणून आत यायला लाजत होता. पान कोणी दिलं नव्हतं. शामलाने पान मागवलं, भात येईपर्यंत मला हातातच धरून उभी राहिली आणि पहिलं ओगराळं त्याला वाढलं.

मग ती आत वळली. यमुताईंनी आपलं पान दोन्ही हातांनी पुढे सरकवलं. त्यांचे डोळे भरले होते.

'आता माह्यं वाढ,' त्या म्हणाल्या.

त्या दुपारी शामला बोलली. काय बोलली ते मला ठाऊक नाही. तेव्हा मी मागच्या नळावर राखेने घासून घेत होते.

यमुताई गेल्याला दोन वर्षं होतील. त्यांच्या जागेवर आता कवडू बसतो. शामला निरूपण करते, लोक तिलाही ताई म्हणतात, पण वरण तीच वाढते. परवा कोणीतरी म्हणालं, ही बादली मोडीत द्या, गळते. शामलाने मला पुन्हा झाळ लावून आणलं. मला खरं तर विश्रांती हवी होती, पण असो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या भांड्यांना आदळू नका, त्यांनाही दुखतं. आणि कधी तुमच्या हाती वाढायचं काम आलं, तर भरलेलं भांडं आधी शेवटाला न्या. तिथे पोचलात की एकदा दाराबाहेरही बघा. हात दुखतील. माझाही सगळा जीव दुखतो, पण गुरुवार आला की मी पायरीपर्यंत जातेच.