चोळलेलं नाही

माझे दाजी सहादेव हे आमच्या भागातले नावाजलेले हाडवैद्य. आणि त्या काळी माझ्या मते त्यांच्याइतका हेकट माणूस सगळ्या जामखेड तालुक्यात दुसरा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला त्यांचं कौतुक करायचं आहे आणि मी सहजासहजी कुणाचं कौतुक करणारा माणूस नाही. मी शाळामास्तर. चुका काढण्यात जन्म गेला.

खर्ड्यापासून तीन मैलांवर त्यांची वस्ती. दर रविवारी नि बुधवारी ओसरीपुढे गाड्या येऊन थांबायच्या. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचं मनगट मोडलेलं. दाजी डोळे मिटून अंगठ्याने चाचपायचे, आणि माणूस ओरडायच्या आत हाड जागेवर. मग बांबूच्या कांब्या लावून वर कापडाची पट्टी. वडिलांनी त्यांना दोन नेम घालून दिले होते. पैसा घ्यायचा नाही, आणि ओसरीवर आलेल्याला हात न लावता परत पाठवायचं नाही. पहिला नेम मला मान्य होता.

एकाहत्तर सालच्या संक्रांतीनंतर राहीआक्काचा उजवा गुडघा सुजला. राहीआक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दाजींची बायको. घरातच हाडवैद्य असल्यावर काळजी कसली? दाजी सकाळ-संध्याकाळ कोमट तेल घेऊन बसायचे आणि गुडघा मन लावून चोळायचे. सूज हटेना, तेव्हा बिब्बा तापवून त्याचे चटके दिले. आक्का पदर तोंडात धरून सोसायची.

"कमी हाय का?" दाजी विचारायचे.

"हाय की. लई आराम हाय," आक्का म्हणायची.

मी पोळ्याला गेलो, तेव्हा ती भिंतीला टेकून, एक पाय लांब करून जेवत होती. माझी आक्का! पंगतीत ताठ मांडी घालून बसणारी, आणि दुसरं कुणी पोक काढून बसलं तर त्याच्या पाठीत धपाटा घालणारी. तिची उजवी मांडी डावीच्या निम्मी झाली होती. संध्याकाळी अंगात कणकण असते, हेही मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. माझं डोकंच फिरलं.

"दाजी, नगरला नुसत्या हाडांचे डॉक्टर आलेत. आक्काला उद्याच्या उद्या न्यायचं."

"मग म्या काय मेलोय व्हय?" दाजी म्हणाले. "लोक काय म्हंतील? सहादेवाला घरचा गुडगा जमंना?"

"लोकांचं राहू द्या. तुमच्यासारख्या अंगठेबहाद्दर माणसाला आतलं दुखणं काय कळणार!"

बोललो आणि जीभ चावली. दाजींना सही करता येत नाही, हे त्यांचं दुखरं ठिकाण होतं. ते उठून गोठ्यात गेले. आक्काने मात्र मला सोडलं नाही.

"तोंड सांभाळ, गोरक्ष. भाऊ असलास तरी ह्या घरात त्यांना असं बोलायचं न्हाई."

सकाळी उठून पाहतो, तर गाडीला बैल जुंपलेले, गाडीत कडबा पसरलेला, वर वाकळ. दाजी डोक्याला पटका गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चला गुरुजी. खर्ड्यातनं नगरची यष्टी गाठायची हाय."

काय घडलं ते आक्काने मला यष्टीत हळूच सांगितलं. पहाटे तेलाची वाटी घेऊन दाजी बसले, पण त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "आज खरं सांग. कमी हाय का?" तेव्हा आक्का पहिल्यांदा म्हणाली, "न्हाई. वाढलंय."

"आणि आठ महिने खोटं बोललीस?" मी विचारलं.

"एवढं मन लावून चोळत हुते रे. कसं सांगायचं?"

नगरचे ते हाडांचे डॉक्टर बोरुडे चाळिशीचे, सावळे, हळू बोलणारे. त्यांनी गुडघ्याला लगेच हात लावला नाही. आधी आक्काला चालायला लावलं. मग दोन्ही मांड्या फितीने मोजल्या. ताप कधी येतो, वजन उतरलं का, झोपेत पाय हलला तर कळ येऊन जाग येते का, हे सगळं तिलाच विचारलं, मला नाही. मी मध्ये बोललो, तर म्हणाले, "गुरुजी, पाय त्यांचा आहे." मला राग यायला हवा होता, पण माणूस आवडला. एवढ्या बारकाईने आमच्यातल्या कुणीच तिला काही विचारलं नव्हतं.

नंतर गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला. तो खिडकीच्या उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग बिब्ब्याच्या काळ्या डागांकडे पाहून विचारलं, "हे कुणी केलं? चोळलं कुणी?"

खोटं कशाला सांगू? या प्रश्नाची मी जामखेडपासून वाट पाहत होतो. तोंड उघडणार, एवढ्यात दाजी पुढे झाले.

"म्या," ते म्हणाले. "म्या हाडवैद्य हाय. आठ महिनं रोज दोन टायमाला म्याच चोळला."

आता डॉक्टर झाडणार, असं मला वाटलं. पण त्यांची नजर आक्काच्या डाव्या मनगटावर गेली होती. त्यांनी ते हातात घेऊन दोन-तीनदा फिरवून पाहिलं.

"हे कधी मोडलं होतं?"

"विहिरीच्या पायऱ्यांवरनं पडले हुते. धा वर्सं झाली."

"बसवलं कुणी?"

आक्काने हनुवटीने दाजींकडे खूण केली. एवढ्या दुखण्यातही तिचा चेहरा फुलला होता.

"मला याहून नीट बसवता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "मोडलेलं हाड तुम्हाला कळतं, मामा. पण हा गुडघा मोडलेला नाही, आजारी आहे. याला क्षय झालाय, असं मला वाटतं. आतलं पाणी तपासून नक्की करू."

"क्षय छातीत हुतो ना?"

"सांध्यातही होतो. हात द्या तुमचा." त्यांनी दाजींचा हात उलटा केला आणि हाताची पाठ आधी आक्काच्या चांगल्या गुडघ्यावर ठेवली, मग दुखऱ्यावर. "काय फरक लागतो?"

दाजींनी नेहमीसारखे डोळे मिटले. "ह्यो ऊन लागतोय."

"असा ऊन लागला, मांडी बारीक झाली, संध्याकाळी कणकण असली, की हात काढून घ्यायचा. त्याला विश्रांती लागते. चोळाल तेवढा तो आतून नासतो."

मग आक्कानेच विचारलं, "डाक्टर, मला मांडी घालून बसता यील का?"

"तसं वाटत नाही, बाई. पाय ताठच राहील. पण औषध पुरं घेतलंत, तर स्वतःच्या पायावर चालाल. तेवढं मी बघतो."

"आन आधी आलो असतो तर?" हे दाजींनी विचारलं. उत्तर काय येणार ते त्यांना ठाऊक होतं, तरी बायकोच्या देखत विचारलं.

"सुरुवातीला आला असतात, तर बहुधा बसल्या असत्या."

आठवड्याने तपासणीत क्षयच निघाला. आक्का महिनाभर नगरला राहिली. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर, रोज एक इंजेक्शन, आणि गोळ्या तर दीड वर्ष घ्यायच्या. घरी आणल्यावर इंजेक्शनासाठी रोज खर्ड्याच्या दवाखान्यात जावं लागे. दाजींनी एकही दिवस चुकवला नाही. रविवारीसुद्धा ओसरीवर माणसं खोळंबायची आणि हे गाडीत कडबा सारखा करत असायचे. आक्का प्लास्टरचा पाय पसरून राणीसारखी बसायची नि वाटेवर भेटेल त्याला सांगायची, "लग्नात सुदिक एवढ्या थाटात बसवलं न्हवतं!" दाजी हसायचे नाहीत. बैलांच्या पाठीकडे बघत गाडी हाकायचे. त्यांनी मनाला किती लावून घेतलंय, हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

ते कळलं पुढच्या उन्हाळ्यात, बहात्तर साली. प्लास्टर निघालं होतं, आक्का काठी घेऊन ताठ पायाने घरभर फिरत होती. मी सुट्टीला गेलो होतो. रविवार होता, ओसरीवर वीस-पंचवीस माणसं. तेवढ्यात शेजारच्या गावचे आप्पासाहेब त्यांच्या मुक्ताला घेऊन आले. आप्पासाहेब म्हणजे बडं प्रस्थ, नाही ऐकायची सवय नसलेला माणूस. मुक्ता दहा वर्षांची, एकुलती एक लेक. तिचा डावा गुडघा महिनाभर सुजला होता.

दाजींनी हाताची पाठ आधी तिच्या चांगल्या गुडघ्यावर ठेवली, मग सुजलेल्यावर. मांड्या निरखल्या, संध्याकाळच्या तापाचं विचारलं. आणि हात जोडले.

"आप्पासाहेब, हिला नगरला न्या. म्या हात लावनार न्हाई."

"नगरला न्यायची असती तर इथं कशाला आलो असतो? चार दिवस चोळून दे."

"न्हाई."

"सहादेवा, तुझ्या बापानं ह्या ओसरीवरनं कुणाला माघारी लावलं न्हवतं. इसरलास व्हय?"

हा घाव कुठे बसला, ते सगळ्यांनाच कळलं. दाजी उभे राहिले.

"न्हाई इसरलो. पर माज्या बायकूचा गुडगा म्या चोळून चोळून घालवला. म्या. आता दुसऱ्याच्या लेकीचा घालवायचा न्हाई."

वीस गावांत ज्याचं नाव, त्याने ते नाव सगळ्यांसमोर असं खाली ठेवलं. मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांच्यासाठी ऊर भरून आला. तेवढ्यात काठीचा आवाज आला. आक्का दारातून बाहेर आली, आणि इतक्या पुरुषांदेखत तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. बिब्ब्याचे डाग सगळ्यांना दिसले.

"नीट बघा, आप्पासाहेब," ती म्हणाली. "हे डाग मायेनं दिल्यालं हायेत. तरी बी चुकीचंच हायेत. पोरीला आजच्या आज न्या."

आप्पासाहेबांनी डागांकडे पाहिलं, मग मुक्ताकडे. "चिठ्ठी दे मग डाक्टरला," एवढंच म्हणाले.

दाजींनी सांगितलं, मी लिहिलं. "डॉक्टरसाहेबांस नमस्कार. पोरीचा डावा गुडघा ऊन लागतो. मांडी बारीक होऊ लागली आहे. संध्याकाळी कणकण असते. चोळलेलं नाही." शेवटचे दोन शब्द त्यांनी मला दोनदा वाचायला लावले. मग शाई मागितली आणि चिठ्ठीखाली अंगठा उठवला. मी त्या अंगठ्याखाली त्यांचं नाव लिहिलं, शाळेच्या दाखल्यावरही लिहीत नाही इतक्या वळणदार अक्षरात.

वर्षभराने आप्पासाहेब मुक्ताला घेऊन पुन्हा आले. गोळ्या अजून चालू होत्या, पण पोर उड्या मारत ओसरी चढली. आक्काने तिला जेवायला थांबवून घेतलं. स्वतः चुलीपाशी मी आणून दिलेल्या स्टुलावर, ताठ पाय पुढे करून बसली. मुक्ता ताटासमोर एक पाय मुडपून कशीबशी टेकली.

"अशी न्हाई, बाय," आक्का म्हणाली. "नीट मांडी घालून बस."

मुक्ताने दोन्ही पाय दुमडले आणि मांडी घातली. डावा गुडघा सहज जमिनीला टेकला. आक्का त्या गुडघ्याकडे बघतच राहिली, आणि मग तिने दाजींना हाक मारली.

"अवं, हिकडं या. बघा तरी, पोर कशी बसलीया."

दाजी दारापर्यंत आले. त्यांनी मुक्ताकडे पाहिलं, मग आक्काच्या ताठ पायाकडे, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत पटक्याच्या शेवाने डोळे पुसले. आक्काने मुक्ताच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.