भात्यावरचा हात

मी एक जुनी पेटी आहे, गाण्याच्या साथीला वाजवतात ती. माझा जन्म मिरजेचा. पण मित्रांनो, माझं आयुष्य गेलं दुबईत, अल बर्शातल्या एका फ्लॅटमध्ये. तिथे नीलिमाताई मुलांना युरोपातली जुनी, बरोक काळातली गाणी शिकवत.

चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या काही मंडळींना वाटलं, गाण्यातले शब्द ऐकणाऱ्याला कळायला हवेत. म्हणून त्यांनी अनेक आवाजांची गुंफण बाजूला ठेवली. एकच आवाज आणि खाली मोजकी साथ. त्यातून अख्खं नाटक गाऊन होऊ लागलं. तो ऑपेरा. पुढे व्हेनिसमध्ये लोक तिकीट काढून तो पाहू लागले.

ती साथ माझ्याकडे आली. वहीत फक्त खालच्या सुरांची ओळ आणि तिच्याखाली आकडे असत. वरचे सूर वाजवणाऱ्याने आकड्यांवरून भरायचे. त्यात ताईंचे दोन्ही हात गुंतत. मग माझा भाता त्यांचे यजमान भानुदासराव मारत. ते बांधकामाच्या धंद्यातले. वही पाहून म्हणाले, "हे काय, पाइपांचं ड्रॉइंग?"

"ड्रॉइंगच समजा. पण अहो, हवा सोडू नका!"

या गाण्यांत पहिला भाग शेवटी पुन्हा येतो.

"एकदा झालं ना? परत कशाला?"

"पहिल्यांदा लिहिलंय तसं म्हणायचं. दुसऱ्यांदा गाणाऱ्याने स्वतःचं काही घालायचं."

अठरा वर्षं हे चाललं. शाळांच्या हॉलमध्ये माझं कौतुक झालं. ताई कुठे श्वास घेतात, ते भानुदासरावांच्या हाताला पाठ झालं. तिथे तेही हात सैल सोडत.

गेल्या रमजानमध्ये ताई आजारपणात गेल्या. भानुदासरावांनी माझ्यावर चादर टाकली. आठ महिने ती निघाली नाही. एसीच्या कोरड्या हवेने माझी एक पट्टी अडकली. मग त्यांनी दुबईबाहेर, रास अल खैमाला लहान घर घेतलं आणि ताईंची विद्यार्थिनी केया हिला फोन केला. "पेटी घेऊन जा. इथे आता खलास."

केया आली. शनिवारी तिचं गाणं होतं. तिने चादर काढली, अडकलेली पट्टी हलकेच सोडवली आणि वही उघडली.

"अंकल, माझे दोन्ही हात बिझी. हवा कोण देणार?"

"घरी आईला सांग."

"आत्ता एकदा. प्लीज."

ते बसले. पहिला भाग नीट झाला. मधला झाला. पहिला पुन्हा आला, आणि ताईंच्या श्वासाच्या जागी भानुदासरावांचा हात थांबला. केया मात्र थांबली नव्हती. तिने तिथे स्वतःची लांब तान घेतली होती. हवेविना माझा सूर विरू लागला.

"अंकल, यल्ला, चला! हवा!"

त्यांनी घाईने भाता मारला. तान पुरी झाली. मग भानुदासरावांनी डोळे पुसले.

"नीलिमा इथे थांबायची."

"माहितेय. पण मिस म्हणायच्या, डोन्ट कॉपी मी."

"मग परत घे. या वेळी मी थांबणार नाही."

भानुदासरावांनी मला देऊन टाकलं नाही; मी आता त्यांच्याबरोबर रास अल खैमाला आहे. दर शनिवारी केया येते. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य चादरीखाली असेल, तर ते नुसतं पुसून ठेवू नका. वाजवता येत नसेल, तर वाजवणाऱ्याला बोलावा आणि भात्याला हात लावा.