न्याहारीच्या टेबलावरचा होकार

"बाई, एक विचारू का?"

हा आवाज काही हिवाळ्यांपूर्वीचा, पण विनीच्या कानातून तो कधी गेला नव्हता. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये मार्चातली न्याहारी होती. लाल गाड्या बाहेर अंगणात काढून आत लांब टेबलं मांडलेली, तव्यावरून पॅनकेक उतरत होते आणि नव्या मॅपलच्या पाकाचा वास सगळ्यांच्या कोटांना चिकटला होता. समोर लायल बेसेट उभा होता, हातात कागदी बशी धरून. रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गावच्या बर्फगाडीचा ड्रायव्हर, चांगला बाप्या गडी, पण विनीच्या तिसरीच्या वर्गात होता तसाच अजून, परवानगीवाचून न बोलणारा.

"किनीच्या टेकडीवरची ब्यूलाआजी हो. तिला आता ऑक्सिजन लागतो. सिलिंडरवाल्याची गाडी बर्फात वर चढत नाही. वाट तिची स्वतःची, गावची नाही. मी जाता जाता पातं खाली टाकून वर जाऊन आलो तर चालेल का? तुम्ही त्या नीतिमंडळावर आहात, म्हणून म्हटलं आधी विचारावं."

विनीच्या तोंडात घास होता. तिनं तो गिळला, ओठ टिपले आणि म्हणाली, "अरे, म्हातारीच्या श्वासाला कोण नाही म्हणेल? जा खुशाल."

एवढंच. पॅनकेक निवायच्या आत संपलेलं बोलणं. लायलनं मान डोलावली, पाकाचा चंबू तिच्याकडे सरकवला आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

टॅनर्स मिल या गावचं नीतिमंडळ म्हणजे तिघंजण, गावच्या नोकरदारांचं वागणं तपासणारे. त्यांना पगार नाही, मानधन नाही, कॉफीसुद्धा ज्याची त्यानं घरून आणायची. नगरप्रमुखानं नेमायचं, कौन्सिलनं हात वर करून पसंत करायचं. तिघांतला एक गावच्या नोकरीतला असावा लागे, म्हणजे कामाचे खाचखळगे त्याला ठाऊक. बाकीचे बाहेरचे, म्हणजे त्यांना कुणाची भीड नको. अध्यक्ष थॅड क्रूल, औषधांचं दुकान मुलाला देऊन मोकळा झालेला. नोकरीतली मार्सी डॉयल, घरपट्टीच्या कचेरीत बसणारी. आणि विनी, म्हणजे विनिफ्रेड ओस्ट्रँडर, जिनं निम्म्या गावाला बेरीज शिकवली होती. म्हणून निम्मं गाव तिला बाईच म्हणे, मार्सीसुद्धा.

वर्षातून एकदोनदा ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत ते बसत. कामं कसली, तर नाताळात ठेकेदारानं पाठवलेला हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली तंगडी, कारकुनानं घ्यावा की परत करावा. त्या हॅमवर तिघांनी अख्खी संध्याकाळ घालवली होती, आणि ठरेपर्यंत कारकुनाच्या कुत्र्यानं तो खाऊन टाकला होता. "कुत्रा गावच्या नोकरीत नाही," असं थॅडनं गंभीरपणे नोंदवून घेतलं होतं.

पण त्या हसण्याखाली एक पक्का नेम होता. सल्ला एकट्यानं द्यायचा नाही. विचारणाऱ्यानं मंडळाला लिहून विचारायचं, तिघांनी बसून ठरवायचं, सहीनिशी उत्तर द्यायचं. मग त्या उत्तराला धरून माणूस वागला, की त्याच्यावर कुणी बोट दाखवायचं नाही. एकट्याचं तोंडी 'हो' म्हणजे दारात उभं राहून दिलेला आशीर्वाद. ऐकायला गोड, पावसात उपयोग शून्य.

हा नेम विनीला पाठ होता. नव्या नोकरदारांना तो समजावून सांगायचं कामही तिचंच. तरी त्या सकाळी, तोंडात गोड घास असताना, तिचं भान सुटलं. खरं सांगायचं तर सुटलं नव्हतं. लायलनं तिला एकटीला विचारलं, याचं तिला बरं वाटलं होतं.

लायल वर जात राहिला. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. सरोवराकडून बर्फाचे लोट येत, गाव झाकून जाई, आणि टेकडीवर लायलच्या गाडीचा पिवळा दिवा फिरत वर जाताना विनी खिडकीतून बघे. बघताना तिला ऊब वाटे. आपल्या एका शब्दावर कुणीतरी श्वास घेतंय, असं.

मग या जानेवारीत कॅझ झीलिन्स्की पडला.

खाणीच्या रस्त्याला राहणारा म्हातारा. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला गेला आणि घसरला, कमरेचं हाड मोडलं. मुलगा नेड घरात होता, त्यानं फोन केला. रुग्णवाहिका लगेच निघाली, पण खाणीच्या रस्त्याच्या तोंडाशी अडकली; पुढे बर्फ गुडघ्याच्या वर. गावची गाडी त्या वेळी किनीच्या टेकडीवर होती. ती उतरून येईपर्यंत कॅझ कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आडवा होता, अंगावर घोंगड्या आणि वर मुलगा वाकून बसलेला. कॅझ वाचला. चालायचा मात्र राहिला.

नेडनं तक्रार केली, शपथेवर, सही करून. गावची गाडी, गावचं डिझेल, गावचं मीठ, आणि वाट खाजगी. शिवाय ब्यूला किनी ड्रायव्हरला दर नाताळात सफरचंदाचा पाय, भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, देते, हेही.

नेमाप्रमाणे तिघं आधी दार लावून बसले, तक्रारीत दम आहे का ते बघायला. आणि नेमाप्रमाणेच, कागद उघडण्याआधी थॅडनं एकेकाकडे बघून विचारलं. हे तो प्रत्येक वेळी विचारी, हॅमच्या वेळीही विचारलं होतं.

"या प्रकरणात तुझं काही नातं, देणंघेणं, आधीचं बोलणं? मार्सी?"

"नाही."

"विनी?"

विनीनं कॉफीच्या थर्मासचं झाकण फिरवलं. न्याहारीतलं बोलणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असं एक वाक्य तिच्या मनात तयारच होतं. बहुधा आठवडाभर ते तयार होत असावं.

"नाही," ती म्हणाली.

थॅडनं खूण केली आणि कागद उघडला. एवढाच शब्द, तिळाएवढा. पण घरी परतताना तो बुटात गेलेल्या खड्यासारखा झाला. चालता येत होतं, विसरता येत नव्हतं.

त्या दिवसापासून घर बदललं. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, एकटेपण तिच्या सवयीचं होतं. आता मात्र घरात दुसरं कुणीतरी राहायला आल्यासारखं झालं. चहाला बसली की ते समोर बसे. चर्चमध्ये गाण्याचं पान उघडलं की बाजूला उभं राही. ती स्वतःशी वाद घाली. म्हातारीला श्वास मिळाला ना? मिळाला. मग वाईट काय झालं? कॅझ झीलिन्स्की बर्फात पडून राहिला. मी कुठं सांगितलं होतं आधी टेकडी, मग रस्ते? सांगितलं नव्हतं, 'जा खुशाल' म्हणाले होते. लेखी विचारलं असतं तर तिघांपैकी कुणीतरी हमखास म्हणालं असतं की आधी गावचे रस्ते, मग टेकडी. थॅड तर असल्या गोष्टी औषधाच्या मात्रेसारख्या मोजून देणारा. ते एक वाक्य कुणी लिहिलं नाही, कारण तिनं ते लिहायची वेळच येऊ दिली नाही.

खटल्यातल्या माणसाशी मंडळातल्यांनी बोलायचं नसतं. तरी वाणसामानाच्या दुकानात, बटाट्यांच्या ढिगापाशी, लायल तिला भेटलाच. त्यानं टोपी काढली.

"लायल," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी तू मला..."

"बाई, बटाटे मऊ पडलेत. खालचे घ्या."

"मी काय म्हणते ते ऐक."

"ऐकायचं नाही असं मंडळाच्या पत्रात लिहिलंय. सही थॅड क्रूलची." तो बटाटे निवडत राहिला. "आणि तुम्हीच तर शिकवलंत, मॉनिटरशी खेळाच्या सुट्टीत भांडण मिटवायचं नाही."

"तुझी नोकरी जाईल रे."

"जाईल किंवा राहील. पेन्शनला थोडंच उरलं होतं, तेवढं लागतं मनाला. बाकी खाणीचा रस्ता मी आधी करायला हवा होता. ते कुणी शिकवायची गरज नव्हती." त्यानं एक घट्ट बटाटा तिच्या पिशवीत टाकला. "मला कुणाशी काही बोलल्याचं आठवत नाही. तुम्हालाही आठवू नये. तुमचं नाव आहे गावात."

तो गेला. विनी बटाटे न घेताच परत फिरली. त्यानं टाकलेला तो एक तेवढा घरी आला आणि कितीतरी दिवस फळीवर पडून राहिला. तिला तो शिजवता येईना.

सुनावणी शनिवारी सकाळी, गावच्या सभागृहात, दारं उघडी ठेवून. बूट झाडत लोक आत आले. नेडनं बापाला चाकाच्या खुर्चीतून आणलं. लायल वकील न घेता आला होता. तो पुढच्या बाकावर बसला, आणि कॅझची खुर्ची नेमकी त्याच्या शेजारी थांबली.

"लायल," कॅझ म्हणाला, "तुझी दाढी पिकली की रे."

"तुमच्या कोंबड्या कशा आहेत?"

"अंडी घालतात. माझ्यावर उपकार केल्यासारख्या."

मागे कुणीतरी हसलं. नेड हसला नाही. तो उभा राहिला आणि त्यानं बापाच्या खुर्चीची पाठ धरली.

"मी लायलचा वैरी नाही," तो म्हणाला. "माझं लग्न झालं त्या दिवशी त्यानं रस्ता मोकळा करून दिला होता. ब्यूलाआजीचंही मला वाईट वाटतं. पण बाबा तिथं पडले होते, आणि मी त्यांना सांगत होतो, आत्ता येईल गाडी, आत्ता येईल. दिवा दिसत होता. टेकडीवर वर वर जाताना दिसत होता. मला एवढंच विचारायचंय, कुणाच्या हुकुमानं तो वर गेला?"

प्रश्न सभागृहात उभा राहिला. विनीनं टेबलाची कड धरली. तोच दिवा. तीही तो बघत होती त्या सकाळी, खिडकीत, हातात गरम कप घेऊन, आणि तिला ऊब वाटत होती.

थॅडनं चष्मा सारखा केला. "लायल बेसेट, गावची गाडी तू खाजगी वाटेवर नेलीस?"

"नेली."

"सफरचंदाचा पाय घेतलास?"

"घेतला. खाल्ला पण. फार गोड करते ती, पण सांगवत नाही."

"ते मंडळाच्या कक्षेत येत नाही," थॅड म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला, कारण पुढच्या प्रश्नावर सगळं होतं आणि ते सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तोंडी का होईना, विचारून केलं असेल तर समज देऊन सोडता येई. आपल्याच मनानं केलं असेल, तर काढून टाका अशी शिफारस कौन्सिलकडे जाई. "हे करण्याआधी तू या मंडळाला, किंवा मंडळातल्या कुणाला, विचारलं होतंस?"

लायलनं टेबलाकडे बघितलं नाही. तो कॅझच्या पायांवरच्या पांघरुणाकडे बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "कुणालाच नाही. माझ्याच मनानं."

लहानपणी त्याला खोटं बोलता येत नसे. कान लाल होत. आताही झाले, पण ते ओळखणारं सभागृहात एकच माणूस होतं, आणि ते टेबलाच्या पलीकडे बसलं होतं.

मार्सीनं एकदोन प्रश्न विचारले, डिझेलचे, वेळेचे. लायलनं उत्तरं दिली. लिहून घेणारीचं पेन थांबलं.

"विनी," थॅड म्हणाला, "तुला काही विचारायचंय?"

"विचारायचं नाही," विनी म्हणाली. तिनं खुर्ची मागे सरकवली. उभं राहायचा नेम नव्हता, तरी उभी राहिली.

"बाई," लायल पुढच्या बाकावरून म्हणाला. "बसा."

"तू गप्प बस, लायल. तुला बोलायची पाळी मिळून गेली."

थॅडनं तिच्याकडे नीट बघितलं. मग पेन खाली ठेवलं.

"थॅड, पहिल्या बैठकीत तू मला विचारलंस, आधीचं काही बोलणं आहे का. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. त्या क्षणापासून मला या खुर्चीवर बसायचा हक्क नव्हता आणि मी बसले." तिनं श्वास घेतला. "या मुलानं विचारलं होतं. जिला विचारायला नको होतं तिला विचारलं, पण विचारलं. लिहून दे, तिघं बसून बघू, असं मी म्हणायला हवं होतं. मला ते पाठ होतं. मी म्हणाले, जा खुशाल. त्याच्या आत्ताच्या उत्तराचं म्हणाल तर ते त्याचं नाही. ते माझं नाव वाचवायला होतं."

विनी टेबलाला वळसा घालून पुढे आली, सदस्य जिथं बसतात ती बाजू सोडून. चाकाच्या खुर्चीसमोर ती उभी राहिली. कॅझनं मान वर केली.

"कॅझ," ती म्हणाली, "तुम्ही बर्फात पडला होतात तेव्हा तुमच्या मुलाला तो दिवा दिसत होता. मलाही दिसत होता. कुणाच्या हुकुमानं, असं त्यानं विचारलं ना? माझ्या."